खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांची काळजी घेताना या चुका टाळा

न्हाणीघरात पाय घसरून किंवा रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडणे आणि खुब्याजवळ मांडीचे हाड मोडणे हे सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या बाबतीत सर्रास घडते. तरीही प्रत्येक कुटुंब जणू ही आपत्ती जगात पहिल्यांदाच आल्यासारखे गोंधळते आणि नेमक्या त्याच त्या चुका करते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी अस्थिरोग विभागात आणि पुढे रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करवून घेणे हे माझे काम असल्यामुळे या चुकांची सुरुवात आणि त्यांचा शेवट अशी दोन्ही टोके मला दिसतात. नातेवाईकांच्या मायेविषयी मला शंका नाही. मात्र मोडलेल्या हाडापेक्षा त्यानंतरच्या अंथरुणाने अधिक माणसे खचतात हे माझे ठाम मत आहे, आणि खालचे बहुतेक मुद्दे त्याच मताशी येऊन मिळतात.

पडल्यावर उभे करून पाहणे

पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उचलायचे, दोन पावले चालवायचे आणि "मुका मार दिसतोय" म्हणून तेल चोळायचे, हा प्रकार आजही सुशिक्षित घरांत घडतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल आणि जांघेत कळ येत असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असेच धरून चालावे. काही वेळा हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना दोन-तीन दिवस चालतोही, त्यामुळे "चालता येतंय म्हणजे हाड शाबूत आहे" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. रिक्षात कोंबून नेऊ नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते, ती बोलवावी आणि ती येईपर्यंत जागेवरच पाय हलणार नाही अशा बेताने पांघरूण घालून ठेवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा डोक्याला मार लागला असेल, तर ते पहिल्याच डॉक्टरला सांगावे. माणूस घसरून पडला की आधी चक्कर आली होती, हेही तितकेच महत्त्वाचे असते, कारण तपासण्यांची दिशा त्यावरून ठरते.

शस्त्रक्रियेसाठी थांबणे

प्रकृती साथ देत असेल तर ही शस्त्रक्रिया पहिल्या ३६ ते ४८ तासांत व्हावी अशी अपेक्षा असते. पडून राहिलेल्या प्रत्येक दिवसाबरोबर छातीत कफ साठणे, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होणे आणि पाठीला जखमा होणे यांचा धोका वाढतो. हृदय, रक्तातले सोडियम, साखर अशा कारणांसाठी भूलतज्ज्ञाने थांबायला सांगितले, तर अर्थातच थांबावे. पण अमेरिकेतला मुलगा शनिवारी पोचतो, मधे अमावास्या येते किंवा धाकट्या काकांचे मत अजून घ्यायचे आहे, ही थांबण्याची कारणे होऊ शकत नाहीत. "या वयात कशाला चिरफाड" असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी: वेदना कमी करून माणसाला बसते-उभे करणे हाच या शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू असतो. डॉक्टरांशी बोलणारी आणि सही करणारी व्यक्ती एकच ठेवावी आणि परदेशातल्या भावंडांना राउंडच्या वेळी व्हिडिओ कॉलवर घ्यावे. घरी चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरून न्यावीत. "बीपीची एक पांढरी गोळी" या वर्णनावरून कोणालाही काहीही कळत नाही.

पैशांची व्यवस्थाही त्याच दिवशी मार्गी लावावी. विमा असेल तर दाखल होताच रुग्णालयातल्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) खिडकीवर कागद द्यावेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय अपेक्षित आहे, हे ठामपणे सांगता यायला हवे. ७० वर्षे आणि त्यापुढील ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेचे कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, मात्र योजनेत असलेल्या रुग्णालयातच. ते कार्ड पडण्याच्या आधीच काढून ठेवावे.

"आता फक्त आराम करू दे"

या चुकीविषयी मी कितीही लिहिले तरी कमीच पडेल. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी वॉकर घेऊन खाटेजवळ गेले की नातेवाईकांच्या चेहऱ्यावर, मी त्यांच्या आईचा छळ करायला आले आहे, असा भाव उमटतो. "कालच तर ऑपरेशन झालंय, आज नको, उद्या बघू." तो उद्या चार-पाच दिवस येत नाही.

एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मला बोलावले गेले तेव्हा शस्त्रक्रियेला तीन आठवडे होऊन गेले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, एक्स-रे निर्दोष होता आणि वजन देऊन चालण्यास हरकत नाही असे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलेले होते. घर प्रेमळ होते. सून दोन्ही वेळा मऊ भात भरवत होती, मुलाने महागडी खाट आणली होती, गुडघ्याखाली जाड उशी होती आणि गार लागू नये म्हणून पायांत लोकरी मोजे होते. बाईंनी कण्हले की सगळे घर धावत असे आणि त्यांना पुन्हा नीट झोपवत असे. मी मोजा काढला. टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा जांभळट काळा डाग होता, कडेची कातडी ओलसर आणि सुटलेली. घरातल्या कोणीही तो पाहिलेला नव्हता, कारण मोजा फक्त अंघोळीला निघत असे आणि अंघोळ म्हणजे वरवर ओल्या फडक्याने पुसणे एवढेच उरले होते. उशीमुळे गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला होता आणि टाच तिच्या पलीकडे गादीत रुतत होती. बसवल्याबरोबर त्यांचा रक्तदाब उतरला आणि त्या घामाघूम झाल्या. त्यांना पुन्हा स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत जायला कित्येक महिने लागले आणि त्यातला मोठा काळ हाडाने नव्हे, त्या टाचेने आणि त्या गुडघ्याने खाल्ला. ज्या घरात कोणीही दुर्लक्ष केले नव्हते त्या घरात हे झाले, म्हणूनच मी हे प्रत्येकाला सांगते.

माझी पद्धत साधी आहे. व्यायामाच्या साधारण अर्धा तास आधी वेदनाशामक गोळी दिली गेली आहे का, हे सिस्टरना विचारून घ्यावे. दुखणे दाबले न जाता उभे करणे ही क्रूरता आहे आणि दुखते म्हणून उभेच न करणे ही त्याहून मोठी. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवावे, पाच मिनिटे बोलते ठेवावे, चक्कर नाही याची खात्री करावी आणि मगच उभे करावे. जेवण खुर्चीत बसवूनच द्यावे. पडून असताना दर दोन तासांनी कूस बदलावी. कोणती कूस कशी द्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. उशी गुडघ्याखाली न देता पोटरीखाली लांबट द्यावी, म्हणजे टाच अधांतरी राहते. एअर बेड घेतला म्हणून कूस बदलण्यातून सुटका होत नाही. आणि रोज एकदा, चांगल्या उजेडात, मोजे काढून दोन्ही टाचा आणि माकडहाड डोळ्यांनी पाहावे. दाबूनही लाली जात नसेल तर त्याच दिवशी सांगावे. पोटरी सुजली असेल किंवा दुखत असेल तर ती चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी. आत गुठळी असू शकते.

असंबद्ध बोलणे म्हातारपणाच्या खात्यावर टाकणे

कालपर्यंत वर्तमानपत्र वाचणारे आजोबा तिसऱ्या रात्री सलाइन उपटू लागतात, भिंतीवर माणसे दिसतात म्हणतात आणि मुलाला ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, "वयच झालं आता, चालायचंच." असे अचानक आलेले भान हरपणे ही वैद्यकीय तक्रार आहे, तिला कारण असते आणि ते बहुतेक वेळा शोधता येते: जंतुसंसर्ग, उतरलेले सोडियम, न भागलेली वेदना, तुंबलेली लघवी, साचलेली शौच, एखादे नवे औषध, किंवा रोजची झोपेची गोळी अथवा दारू अचानक बंद होणे. शेवटची गोष्ट संकोचाने लपवली जाते. ती लपवू नये.

एका आजोबांचे हात रात्रभर खाटेला बांधले गेले होते, कारण ते "हिंसक" झाले होते. सकाळी मी गेले तेव्हा ते ओटीपोटाकडे हात नेण्याची धडपड करत होते. आदल्या दिवशी लघवीची नळी काढली होती आणि त्यानंतर त्यांना लघवीच झालेली नव्हती. त्यांचे श्रवणयंत्र आणि चष्मा "हरवायला नको" म्हणून मुलीने घरी नेऊन ठेवले होते, त्यामुळे कोण काय विचारते हेही त्यांना कळत नव्हते. मूत्राशय रिकामे झाले, कानात यंत्र बसले आणि संध्याकाळपर्यंत ते चहात साखर कमी आहे अशी तक्रार करू लागले.

चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी खाटेजवळ ठेवावी. दिवसा पडदा उघडा असावा आणि रात्री दिवा मंद असावा. सोबतीला शक्यतो तेच ते ओळखीचे माणूस असावे. मी समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत वार, तारीख आणि रुग्णालयाचे नाव लिहून चिकटवायला सांगते. वाद घालू नये, दरडावू नये. डॉक्टरांना नेमके सांगावे: "हे काल असे नव्हते." आणि केवळ आरडाओरडा करणाऱ्यांकडेच पाहू नये; जो रुग्ण अचानक गप्प, सुस्त आणि "शहाण्यासारखा" पडून राहतो, त्याचेही भान हरपलेले असू शकते, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

आडवे झोपलेल्या माणसाला भरवू नये. घास श्वासनलिकेत जातो, आणि जेवणानंतरही अर्धा तास बसवून ठेवावे. बेडपॅन द्यायला नको म्हणून पाणी कमी पाजणे हा अत्यंत वाईट शॉर्टकट आहे. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी शौचास खडा होतो, चौथ्या दिवसाची वाट न पाहता पहिल्या दिवशीच सांगावे. जेवण गेले नसताना इन्सुलिन नेहमीइतकेच दिले जात नाही ना, हे विचारावे. भेटायला येणाऱ्यांना रुग्णाभोवती गर्दी करण्याऐवजी घरी डबा पोचवायला लावावे.

घरी नेण्याची घाई

डिस्चार्ज कधी, एवढाच प्रश्न सगळे विचारतात. कोणती शस्त्रक्रिया झाली, हे मात्र अनेकांना सांगता येत नाही. मोडलेले हाड रॉड घालून जोडले असेल तर नियम वेगळे आणि बायपोलर म्हणजे खुब्याचा गोळा बदलला असेल तर वेगळे. गोळा बदललेल्यांनी डॉक्टरांनी मुभा देईपर्यंत मांडी घालणे, उकिडवे बसणे, ठेंगण्या खुर्चीत बसणे आणि पाय पायावर टाकणे टाळायचे असते, कारण गोळा निखळू शकतो. शेजारच्या काकूंचे गुडघेबदलाचे व्यायाम मोबाइलवर पाहून करवून घेणारे उतावळे नातेवाईक मला दर महिन्याला भेटतात, आणि त्यांना समजावताना माझा संयम सुटतो. पायावर किती वजन द्यायचे हे कागदावर लिहून घ्यावे.

घरी नेण्याच्या आदल्या दिवशी कमोड खुर्ची आलेली असावी, संडासाजवळ भिंतीत दांडी बसलेली असावी, पायपुसणी आणि सतरंज्या उचललेल्या असाव्यात आणि खाट ते संडास या वाटेवर रात्रीचा दिवा लागलेला असावा. वॉकरला धरून स्वतःला ओढून उठू देऊ नये. हात खुर्चीवर टेकून उठावे आणि मग वॉकर धरावा. ब्युरोमार्फत बाई ठेवणार असाल तर तिला हे सगळे फिजिओथेरपिस्टसमोर उभे करून शिकवावे, कारण बारा तास रुग्णाजवळ तीच असते.

हाडाच्या ठिसूळपणाचा प्रश्न न विचारणे

उभ्या उंचीवरून पडून खुब्याचे हाड मोडले, याचा अर्थ हाड ठिसूळ झालेले आहे, आणि उपचार झाले नाहीत तर दुसरा खुबाही त्याच वाटेने जातो. तरीही असंख्य रुग्ण कॅल्शियमच्या गोळीपलीकडे काही न घेता घरी बसतात. ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि हाडांची घनता वाढवणारी औषधे, ज्यांत वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शनही येते, यांविषयी विचारायचे राहून जाते. हे इंजेक्शन देण्यापूर्वी मूत्रपिंडाची आणि कॅल्शियमची तपासणी लागते, आणि दात काढायचे असतील तर ते आधी उरकावे लागते. साधारण दोन आठवड्यांनी टाके काढायला जाल तेव्हा जखमेबद्दल विचारून झाल्यावर हा प्रश्न स्वतःहून काढावा, आणि "नंतर पाहू" असे उत्तर आले तर पुढची तारीख त्याच कागदावर लिहून घ्यावी.