जुनी पिकअप घ्यायची तर आधी गाडीखाली शिरावे

नाशिकमध्ये जुन्या पिकअपला तोटा नाही. सातपुरात महिंद्राचा वाहन कारखाना आणि इगतपुरीत इंजिनांचा कारखाना असल्यामुळे या कंपनीच्या गाड्यांची नस ओळखणारे मिस्त्री इथे सहज भेटतात, सुटे भागही मिळतात. हौसेने एखादी जुनी गाडी घेऊन ती पुन्हा उभी करू पाहणारे बहुतेक जण आधी इंजिनाचा आवाज ऐकतात. माझ्या मते आधी गाडीखाली शिरावे, कारण इंजिन खोलून पुन्हा भरता येते, पण गंजून पोकळ झालेल्या चेसीवरचा (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा) खर्च गाडीच्या किमतीच्याही पुढे जातो.

मालकाला पहिला प्रश्न विचारावा तो गाडीने कोणता माल वाहिला, हा. युरिया आणि पोटॅशच्या गोण्या वाहिलेल्या गाडीत सांडलेले खत हवेतला ओलावा धरते, हौद्याच्या (माल ठेवायच्या भागाच्या) सांध्यांत उतरते आणि तिथून थेट चेसीवर ठिबकते. टोमॅटोच्या क्रेटमधून गळणारा आंबट रस हेच काम जरा सावकाश करतो. कांद्याच्या गाडीचा पत्रा तुलनेने बरा असतो, पण क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यामुळे तिचे पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसलेले असतात. भाजीपाला घेऊन रोज रात्री कसारा घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आणि क्लच मात्र संपलेलेच आहेत, असे धरूनच भाव करावा.

चेसी पाहताना लहान हातोडीने ठोकत पुढून मागे जावे. धड पत्रा खणखणीत वाजतो आणि कुजलेला बद्द आवाज देतो. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट, आडव्या पट्ट्यांचे जोड आणि हौद्याखालचे लाकडी ठोकळे जिथे टेकतात त्या जागा विशेष पाहाव्यात, कारण तिथे चिखल अडकून राहतो. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी हे न करता आधी रंगकाम उरकले. महिनाभराने मागच्या ब्रॅकेटवर स्क्रू ड्रायव्हरचे टोक सहज टेकवले, तर काळ्या रंगाचा जाड पोपडा निघाला, त्याखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आणि लांबीखाली बोटभर चीर. वेल्डिंगसाठी हौदा उतरवावा लागला आणि नव्या रंगाचे पैसे अक्षरशः जळाले.

अशी चीर नुसती वरून वेल्ड करू नये. तिच्या टोकाला लहान भोक पाडावे म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग ग्राइंडरने खाच करून आतपर्यंत वेल्डिंग भरावे आणि बाजूने तिरक्या टोकांची पट्टी जोडावी. चौकोनी पट्टीच्या सरळ कडेपाशी ताण एकवटतो आणि चेसी तिथेच पुन्हा तडकते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी.

इंजिन सकाळी पूर्ण गार असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्याआधीच बोनेट गरम असेल, तर परत फिरून दुसऱ्या दिवशी यावे. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडल्यावर जोराचे भपके येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजले आहेत. सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चढावर काळा धूर येत असेल, तर एअर फिल्टर, डिझेल फवारणारे नोजल किंवा डिझेल पंपाचे काम निघेल. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहून रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

कागदपत्रांत चेसीवर ठोकलेला क्रमांक आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) अक्षर-अक्षर जुळवावा. इंजिन बदललेले असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी. कर्जाचा बोजा उतरलेला आहे का, चलने थकली आहेत का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन पेठ रोडवरच्या आरटीओत नावावर करून घेण्यात दिरंगाई करू नये. मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, पण पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) सुटत नाही. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावे लागते.

कामाचा क्रम चेसी, ब्रेक, इंजिन, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी रंग असा ठेवावा. ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये: ब्रेक ऑइल ओलावा शोषते, आणि ते जुने झाले की लांब उतारावर उकळून पेडल पोकळ होते. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेले लोखंडी पाइप एकदमच बदलावेत, ब्रेकचे ड्रम लेथवर तपासून घ्यावेत. वायरिंगला जोडांवर जोड देण्यापेक्षा पूर्ण नवा संच टाकणे शेवटी स्वस्त पडते.

पहिली चाचणी रिकाम्या गाडीने दिंडोरी रस्त्यावर घ्यावी, दुसरी अर्ध्या मालाने. परतल्यावर ड्रमला हात न लावता नुसता जवळ नेऊन पाहावा. एकच चाक जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक धरतो आहे. पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर पुन्हा आवळावेत, कारण नवे पाटे माल पडल्यावर बसतात आणि बोल्ट सैल होतात.