मोबाईलवर इंग्रजी: मुलांना नुसतं बघायला नको, बोलायला लावा

मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे आत्ता दहावीत असलेल्या मुलाने एवढी वर्षं इंग्रजीचे तास केलेत, धडे वाचलेत, प्रश्नोत्तरं पाठ केलीत, आणि तरी "तुझ्या गावाबद्दल दोन मिनिटं बोल बघू" म्हटलं की मान खाली. आता हातात मोबाईल आलाय, तर पालक मीटिंगला येऊन पहिलं हेच विचारतात, मॅडम कुठलं ॲप टाकू. अहो टाका कुठलंही, प्रश्न ॲपचा नाहीच. ते बघून झाल्यावर पोराच्या तोंडातून इंग्रजी काय बाहेर पडलं, एवढंच बघायचं. तासभर व्हिडिओ बघितला आणि एक वाक्य बोलला नाही तर तो तास करमणुकीचा, अभ्यासाचा नाही.

म्हणून मी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एकच नियम धरते. तुकडा छोटा घ्यायचा, तोच परत परत वापरायचा, आणि शेवटी मुलाने काहीतरी बोलायचं किंवा बनवायचं. खाली जे सांगतेय ते सगळं साध्या अँड्रॉइड फोनवर होतं, पैसे लागत नाहीत. शिक्षक असाल तर वर्गासाठी, पालक असाल तर घरी करा, आणि स्वतः शिकत असाल तरी चालेल, फक्त ऐकायला एक मित्र पकडा.

सुरुवात व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटने करा, कारण ती आजीला पण पाठवता येते आणि डेटा नावाला लागतो. बऱ्याच घरात फोन एकच असतो, बाबा कामावरून आले की रात्री मुलांच्या हातात येतो, पण एक मिनिटाचं रेकॉर्डिंग तेवढ्यात आरामात होतं. विषय मात्र असा द्यायचा की गाईडमध्ये सापडणारच नाही. "माय मदर" दिलात तर सगळ्यांची आई एकसारखीच काइंड आणि हार्डवर्किंग निघते. त्यापेक्षा आज डब्यात काय होतं आणि त्यातलं कोणी पळवलं, घरात सगळ्यात उशिरा कोण उठतं, एसटी चुकली तर शाळेत कसे येता, असं विचारा. मुलं आधी वहीत लिहून मग वाचून दाखवतात, सुरुवातीला चालू द्या, पण दोनेक आठवड्यांनी सांगायचं की आता वहीत फक्त चार शब्द लिहा आणि त्यावरून बोला. ऐकलं की लगेच कळतं कोण वाचतंय ते.

एक गोष्ट मुलांना मुद्दाम करून दाखवा. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की लॉक होतं, मग बोट धरून बसावं लागत नाही, आणि पाठवायच्या आधी स्वतःचं ऐकता येतं. हे एकदा कळलं की मुलं काय करतात, बोलतात, ऐकतात, "ई, कसला आवाज आहे माझा" म्हणून डिलीट करतात, परत बोलतात, परत डिलीट. आपल्यापर्यंत येते ती शेवटची नोट, पण खरा सराव त्या डिलीट केलेल्यांमध्ये झालेला असतो आणि तो करा म्हणून कोणाच्या मागे लागावं लागत नाही.

तपासायचं कसं हा मोठा प्रश्न, वर्ग मोठा असेल तर एवढ्या नोट ऐकणार कधी. एक तर रोज सगळ्यांना देऊ नका, बाकावार वाटून द्या. दुसरं म्हणजे नोट दीडपट स्पीडने ऐका, मुलं इतकी थांबत थांबत बोलतात की दीडपटीला सुद्धा नीट कळतं. आणि चुकांची यादी पाठवू नका, प्लीज. समजा एकीने पाठवलं, "माय ब्रदर गो टू फार्म अँड ही ब्रिंगिंग मिल्क." यात चुका मोजत बसलात तर ती उद्या बोलणार नाही. तुम्ही उलट व्हॉइस नोट टाका, "ओह, युअर ब्रदर ब्रिंग्ज द मिल्क! हाऊ मेनी काऊज डू यू हॅव?" बरोबर रूप तिच्या कानावर पडलं, वर तिला उत्तर द्यायला प्रश्न मिळाला. गायी किती ते सांगताना बहुतेक वेळा ब्रिंग्ज पण आपोआप येतं. नाही आलं तर परत विचारा, घाई कसली आहे.

ग्रुप कराल तर सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिनच पाठवू शकतील असं करून ठेवा, नाहीतर सकाळी सहापासून शुभ सकाळचे फोटो सुरू होतात आणि गृहपाठ वर कुठेतरी जातो. मुलांनी नोट पर्सनलवर पाठवायची. लाजरी मुलं, विशेषतः मुली, ग्रुपमध्ये आवाज टाकत नाहीत, पर्सनलवर टाकतात, आणि त्यातल्या काही जणी इतकं छान बोलतात की वर्गात या गप्प का असतात कळत नाही.

आता उच्चार. यासाठी वेगळं ॲप नको, कीबोर्डवर जो माइक असतो, बोललेलं टाइप करणारा, तोच घ्या आणि भाषा इंग्लिश इंडिया ठेवा. मूल बोलतं, फोन लिहितो, आणि काय लिहिलं ते बघून मूल स्वतःच ठरवतं की परत बोलायचं का. आपल्या मराठी माणसांची एक खास अडचण इथे उघडी पडते. ऱ्हस्व-दीर्घावरून आपण लिहिताना भांडतो, पण बोलताना त्या दोघांत फारसा फरक करत नाही, आणि इंग्रजीत त्याच फरकावर अर्थ फिरतो. शिप आणि शीप, लिव्ह आणि लीव्ह, फिल आणि फील. मग खेळ असा, फळ्यावर दोन्ही शब्द लिहायचे, एकाने फोनवर "आय सॉ अ बिग शिप" म्हणायचं आणि बाकीच्यांनी फोनने जहाज लिहिलं की मेंढी ते बघायचं. मेंढी आली की वर्ग जो हसतो, तो शब्द परत कोणी विसरत नाही. यात एक खाच आहे. फोन नुसता आवाज ऐकत नाही, पुढचे मागचे शब्द बघून अंदाज पण बांधतो, म्हणून "द शिप इज इन द सी" म्हटलं तर उच्चार चुकला तरी तो जहाजच लिहील. वाक्य असं निवडा की दोन्ही शब्द त्यात बसतील. आणि गावाची, माणसांची नावं तो हमखास चुकीची लिहितो, तिथे चूक फोनची, मुलाची नाही, हे आधीच सांगून ठेवा.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो आवाज बंद करून बघायचा प्रकार. क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरची छोटी क्लिप घ्या, आवाज म्यूट, आणि मुलांनी इंग्रजीत कॉमेंट्री करायची. आधी आवाजासकट दोनदा ऐकवा, त्यात येणारी आठ-दहा वाक्यं मुलांकडूनच वेचून घ्या, मग म्यूट. गंमत अशी की सिंपल प्रेझेंट टेन्स व्याकरणाच्या तासाला शिकवून शिकवून आपण थकतो, इथे ते फुकट मिळतं, कारण कॉमेंट्रीत चालू बॉलबद्दल बोलताना बरंचसं तेच येतं. बुमराह रन्स इन, द बॅट्समन स्विंग्ज, मिसेस, द कीपर टेक्स इट. ते एस लावायला मुलं एरवी विसरतात पण कॉमेंट्रीच्या सुरात बोलायला लागली की येतं, कारण तो सूरच त्यांनी ऐकलेला असतो. दुसऱ्या दिवशी तीच ओव्हर काल मॅच बघायला नसलेल्या मित्राला सांगायची, आता सगळं पास्ट टेन्समध्ये. मग बातमी लिहायला द्या, न्यूज रिपोर्ट रायटिंगचा सराव पण उरकतो. क्रिकेट न आवडणारी मुलं असतातच, त्यांना कबड्डी द्या, नाहीतर घरी आई किंवा आजी भाकरी थापताना एक मिनिटाचा व्हिडिओ काढून आणायला सांगा आणि त्यावर वर्गात इंग्रजीत बोलायला लावा. थापणे, उलटणे, फुगणे याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मुलं स्वतःहून शोधतात, आपण डिक्शनरी बघा म्हणून ओरडत होतो ते काम न सांगता होतं.

सबटायटलचं थोडक्यात सांगते, कारण इथे बहुतेक जण उलटं करतात. इंग्रजी व्हिडिओला मराठी किंवा हिंदी सबटायटल लावली की डोळे वाचतात आणि कान सुट्टीवर जातात. सबटायटल इंग्रजीच लावा. मिनिटभराचा तुकडा, पहिल्यांदा सबटायटलशिवाय, आणि काय झालं ते मुलांना खुशाल मराठीत सांगू द्या, समजलं का एवढंच बघायचंय. मग इंग्रजी सबटायटल लावून. मग यूट्यूबचा स्पीड ०.७५ करून सोबत बोलत. मग परत सबटायटलशिवाय. प्राणी, स्वयंपाक, एखादी वस्तू कारखान्यात कशी बनते असले व्हिडिओ बरे, कारण निम्मं चित्रावरूनच कळतं. भाषणं आणि मुलाखती नंतर कधीतरी. आपोआप येणारी सबटायटल कधी कधी भन्नाट चुकतात, त्या चुका शोधणाऱ्याला एक चॉकलेट, बघा कान कसे टवकारतात.

वाचनासाठी 'प्रथम बुक्स' या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, २०१५ पासून, आणि ती अजून बऱ्याच शिक्षकांना माहीत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. चित्रांच्या गोष्टी, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या, फुकट, आणि खुल्या परवान्यावर असल्यामुळे डाउनलोड करा, प्रिंट काढा, वर्गात वाटा, कोणी विचारत नाही, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव राहू द्या. यातल्या पुष्कळ गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मिळतात. आधी मराठीत वाचायची, मग तीच इंग्रजीत. गोष्ट ठाऊक असल्यामुळे प्रत्येक शब्दाला मूल अडत नाही, अंदाजाने पुढे जातं, आणि हा अंदाज बांधायची सवय पुढे अनसीन पॅसेजला कामी येते. शेवटी मोठ्या मुलांनी धाकट्या भावंडांसाठी गोष्ट वाचून रेकॉर्ड करायची. आठवीच्या मुलाला पहिल्या पातळीचं पुस्तक दिलं की तो रुसतो, "हे बारक्यांचं आहे" म्हणतो, पण बहिणीला ऐकवायचंय म्हटलं की तेच पुस्तक आवाज बदलून बदलून वाचतो.

कॉलेजच्या किंवा नोकरी करणाऱ्या मंडळींसाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सिक्स मिनिट इंग्लिश हा कार्यक्रम. नावाप्रमाणे सहा मिनिटांचा, दोघं गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात, मध्ये सहा शब्द समजावतात, आणि पूर्ण संवाद लिहिलेला वेबसाइटवर असतो. प्रश्न आला की थांबवा, तुमचं उत्तर मोठ्याने इंग्रजीत सांगा, कारणासकट, मग पुढे जा. ट्रेनमध्ये करू नका, लोक बघतात. लिहिलेला संवाद आधी उघडायचा नाही, ऐकून झाल्यावरच. रोज नवीन भाग ऐकण्यापेक्षा आठवडाभर एकच ऐका, शुक्रवारपर्यंत तो तुमचा होतो.

गुगल मॅप पण वापरता येतो, कोणी मनावर घेत नाही. आवाजाची भाषा इंग्रजी करा आणि एसटी स्टँडपासून शाळेपर्यंत चालत या, टर्न लेफ्ट, टर्न राइट, राउंडअबाउट सगळं पायाने पाठ होतं. खरी मजा पुढे आहे. वाडी-वस्तीवर मॅपला बोळ माहीत नसतात, त्याचा रस्ता संपतो आणि घर अजून लांब असतं. मुलांना सांगा, मॅप जिथे गप्प बसतो तिथून पुढे तुमच्या घरापर्यंतची वाट तुम्ही इंग्रजीत सांगा, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, गिरणी सगळं धरून. मग दुसऱ्याने ते ऐकून कागदावर नकाशा काढायचा. नकाशात घर नदीत गेलं तर कोणाचं चुकलं यावर जी भांडणं होतात ती मी इंग्रजीत करायला लावते.

एआयबद्दल विचारणारे खूप आहेत. चॅटजीपीटी किंवा जेमिनाय गप्पा मारायला चांगलं, निबंध लिहून घ्यायला वाईट, कारण निबंध त्याने लिहिला तर सराव त्याचाच झाला. त्याला आधी नीट बजावायचं: तू भाजीवाला, मी गिऱ्हाईक, सोप्या इंग्रजीत बोल, एका वेळी एकच वाक्य, आणि शेवटी माझी एकच चूक सांग. हे नाही सांगितलं तर तो पानभर बोलतो आणि मूल परत प्रेक्षक. दहावीच्या वयापर्यंत हे मोठ्या माणसाने शेजारी बसून करायचं, फोन हातात देऊन निघून जायचं नाही. नाव, शाळा, पत्ता यातलं काही त्यात टाकायचं नाही, आणि मुलांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ यूट्यूबवर किंवा स्टेटसला चढवायचे नाहीत, कितीही छान झाले तरी. पालकांना दाखवायचे तर सभेत दाखवा.

आणि ते तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीवाले व्हिडिओ, रोज दहा शब्द शिका वाले रील्स, हे सगळं बंद केलं तर काही बिघडत नाही. शब्द कळतो, लाइक केला जातो, अंगठा वर सरकतो, संपलं.

तयारीचं शेवटी, पण हेच नसलं की तास वाया जातो. वर्गात नेटच्या भरवशावर राहू नका, क्लिप आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा. फोनचा आवाज शेवटच्या बाकावर जात नाही, छोटा ब्लूटूथ स्पीकर शाळेच्या फंडातून मागून घ्या, तो आदल्या दिवशी चार्ज करा आणि चार्ज केलाय का ते परत बघा. तासाला फोन एकच असेल तर पाच-सहा जणांचे गट, फोन दर दहा मिनिटांनी पुढे, बाकीचे तोवर बोलायची वाक्यं जुळवतात. जून महिन्यातली प्रत्येकाची एक व्हॉइस नोट नावानिशी फोल्डर करून जपून ठेवा. तोंडी परीक्षेच्या आधी त्याला त्याचीच नोट ऐकवा, आणि त्याच विषयावर परत बोलायला सांगा.