जुन्या मालिकेचं चित्र बिघडलंय? आधी कोपऱ्यातला लोगो बघा

जुनी मालिका लागली की पांढऱ्या रेघा, वाकलेल्या कडा, सांडलेले रंग आणि घरघरणारा आवाज सोबत येतोच. यातलं बरंचसं मूळ टेपवरच असतं आणि ते घरी बसून दुरुस्त होणार नाही. उरलेलं मात्र गच्चीवरच्या वायरीत, सेटटॉप बॉक्सच्या मेनूत किंवा टीव्हीच्या रिमोटवर असतं, आणि ते बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतं. या दोन्हींत गल्लत झाली की पैसे जातात. टेप खराब असताना लोक नवी छत्री (डिश अँटेना) बसवतात, आणि कनेक्टर गंजलेला असताना ‘प्रिंटच जुनी आहे’ म्हणून वर्षभर तसंच बघत राहतात.

वाहिनीचा लोगो आणि खालून सरकणारी पट्टी या गोष्टी मूळ कार्यक्रमात नसतात. प्रक्षेपणाच्या शेवटच्या टप्प्यावर त्या चित्रावर चढवल्या जातात. म्हणून निदान तिथूनच सुरू करायचं.

चित्र थरथरतंय, वाकतंय, पण लोगो जागचा हलत नाही? दोष टेपमध्ये आहे किंवा टेपवरून फाइल करताना शिरलाय. घरात कशालाही हात लावू नका. चौकोनी ठोकळे पडतायत आणि त्यात लोगोही फुटतोय? मग दोष प्रक्षेपणानंतरचा: छत्री, वायर, कनेक्टर, नाहीतर केबलवाल्याची लाइन. नट गोठलाय पण पट्टी मजेत सरकतेय, तर वाहिनीच्या सर्व्हरवर फाइल अडकली आहे. चेहरे पसरट दिसतायत पण गोल लोगो गोलच आहे, तर वाहिनीनेच ४:३ चं (जुन्या टीव्हीच्या चौकोनी मापाचं) चित्र १६:९ मध्ये (आजच्या रुंद पडद्यात) ताणलंय. लोगोही अंडाकृती झाला असेल तर ताण तुमच्या बॉक्समध्ये किंवा टीव्हीत आहे.

शंका राहिलीच तर बॉक्सच्या यूएसबीमध्ये पेनड्राइव्ह लावून दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि मागे नेऊन दोनदा बघा. दोन्ही वेळा त्याच संवादावर झटका बसला तर तो सिग्नलबरोबर आलाय. दर वेळी वेगळ्या ठिकाणी बसला तर एचडीएमआय वायर किंवा टीव्ही तपासा.

टेपवरचे दोष

आपल्याकडची जुनी प्रक्षेपणं ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीची: ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र सम-विषम रेषांच्या दोन अर्ध्या भागांत. रेकॉर्डिंग पाऊण इंची यू-मॅटिक टेपवर, पुढे बीटाकॅम टेपवर. पुढचे बहुतेक दोष यातूनच येतात.

क्षणभर चमकून जाणाऱ्या आडव्या पांढऱ्या रेघा म्हणजे टेपवरचा चुंबकीय लेप तिथे निघालाय. चित्राच्या अगदी तळाशी, शेवटच्या काही रेषांत, फाटल्यासारखी तिरकी पट्टी दिसते ती फिरत्या हेडची अदलाबदल. एक हेड टेप सोडतं, दुसरं पकडतं, तो सांधा तिथे येतो. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे दडायच्या, त्यामुळे हा सांधा कुणाला दिसलाच नाही. चपट्या टीव्हीने तो उघडा पाडला. सगळ्यात वर नाचणारे पांढरे ठिपके म्हणजे टेपवरचा टाइमकोड (प्रत्येक चित्राच्या वेळेची खूण) वगैरे. तेही असेच दडलेले असायचे. यावर घरगुती उपाय आहे: टीव्हीला कडा थोड्या कापायला सांगा. एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’ बंद करा, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’ बंद करा, सोनीमध्ये ‘डिस्प्ले एरिया’ एक पायरी खाली आणा. मालिका संपली की परत पूर्ववत करा, नाहीतर बातम्यांची पट्टी कापली जाईल.

वरचा भाग एका बाजूला झेंड्यासारखा वाकत असेल तर टेप ताणली गेली आहे आणि कॉपी करताना टाइम बेस करेक्टर (रेषांची डळमळीत वेळ सरळ करणारं यंत्र) वापरलेला नाही. चौकड्याच्या शर्टावर किंवा बारीक रेघांच्या साडीवर इंद्रधनुष्य झिळमिळतं, कारण रंग आणि उजेड एकाच सिग्नलमधून गेले आणि सोडवताना एकमेकांत मिसळले. लाल रंग काठाबाहेर सांडतो, कारण यू-मॅटिकवर रंगाच्या वाट्याला फार कमी तपशील येतो आणि लालवर ते सर्वात आधी डोळ्यांत भरतं.

समईची ज्योत किंवा दागिन्याची चमक हलली की मागे शेपटी राहते. तो बिघाड नाही, जुन्या, काचेच्या नळीतून चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा स्वभाव आहे. काही वाहिन्या तो पुसायच्या नादात चेहऱ्यांवरचे बारकावेही पुसून टाकतात, आणि पात्रं मेणाची दिसायला लागतात. त्यापेक्षा शेपटी बरी.

पात्रं घराबाहेर पडताच चित्राचा पोतच बदलला, उभे ओरखडे आणि कचरा दिसू लागला, तर बाहेरचं दृश्य १६ मिमी फिल्मवर आणि आतलं स्टुडिओच्या कॅमेऱ्यावर घेतलेलं आहे. जुन्या चित्रपटांत आणखी एक गंमत असते. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५ ने चालवली की वेग सुमारे ४ टक्के वाढतो. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाज पेटीवर जवळजवळ पाऊण पट्टी चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या आसपास ऐकू येतं. कानसेनांना हे लगेच खटकतं, बाकीच्यांना फक्त गायिका तरुण वाटते.

दोन दोष मात्र ‘जुनं आहे’ म्हणून सोडू नयेत, कारण ते फाइल करताना झालेले असतात आणि वाहिनी ठरवेल तर सुधारू शकते. पहिला, चालणारा माणूस पुढे-मागे धडपडल्यासारखा दिसतो: सम-विषम अर्ध्यांचा क्रम उलटला. दुसरा, हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दात. दात दिसले तर आधी बॉक्सचं आउटपुट ५७६पी, १०८०आय, १०८०पी असं बदलून बघा. एखाद्या सेटिंगला दात गेले तर काम बॉक्सचं होतं. कुठेच गेले नाहीत तर ते फाइलमध्येच छापले गेलेत.

त्याच वाहिनीवर बातम्या स्वच्छ आणि जुनी मालिका बुळबुळीत चौकोनांची का? टेपवरची खसखस दर चित्रात वेगळी असते. डिजिटल एन्कोडर (चित्र आवळून लहान करणारं यंत्र) तिलाच हालचाल समजतो, वाटणीला आलेला डेटा तिच्यावर उधळतो आणि चेहऱ्याला काही उरत नाही. घरी एवढंच करता येतं: शार्पनेस कडांभोवतीची पांढरी रेघ जाईपर्यंत खाली आणा, नॉइज रिडक्शन ‘लो’वर ठेवा, आणि हालचाल गुळगुळीत करणारं ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, मोशनफ्लो यांपैकी जे असेल ते बंद करा.

बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडलेला असेल तर ती आजच काढा. पिवळ्या वायरीत रंग आणि उजेड पुन्हा एकदा मिसळतात, म्हणजे टेपवरचा दोष दुप्पट होतो. एचडीएमआय लावा. पसरट चेहऱ्यांसाठी बॉक्समध्ये ‘पिलरबॉक्स’ आणि टीव्हीत ‘१६:९’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. त्या घालवायला झूम केलं की डोकी कापली जातात.

गच्चीवर

लोगो फुटत असेल तरच वर जा. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. नाशिकहून त्याची दिशा उत्तरेपासून सुमारे १३४ अंश, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेय. पंचवटीत उभं राहिलात तर साधारण नाशिकरोडकडे. क्षितिजापासून उंची सुमारे ५७ अंश, एलएनबीचा (छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) तिरपेपणा सुमारे ४३ अंश. ऑफसेट छत्री (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेली, घरोघरी दिसते ती) प्रत्यक्ष कोनापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली बघतेय असं वाटतं, त्याने फसू नका. नाशिकच्या सिडकोत शेजारच्या घरावर मजला चढला की अनेकांचं चित्र जातं, तिथे हिशेब असा: छत्रीपासून १ मीटरवर भिंत असेल तर ती छत्रीच्या मध्यापासून दीड मीटरपर्यंत चालेल, २ मीटरवर असेल तर तीन मीटरपर्यंत.

बॉक्सच्या मेनूत ‘स्ट्रेंग्थ’ भरपूर आणि ‘क्वालिटी’ कमी दिसली तर छत्री किंचित सरकलेली आहे, किंवा एलएनबी फिरलाय. एकाने टीव्हीसमोर बसून क्वालिटीचा आकडा ओरडायचा, दुसऱ्याने एलएनबी दोन-दोन अंश फिरवायचा आणि प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबायचं. बॉक्सला आकडा दाखवायला तेवढा वेळ लागतो.

जोराच्या पावसात ठोकळे पडणं केयू बँडला (डिश टीव्हीच्या लहरींना) चालायचंच. पाऊस थांबून दोन तास झाले तरी ठोकळे जात नसतील तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. बॉक्सचा प्लग काढा, कारण छत्रीच्या वायरीत १३ किंवा १८ व्होल्ट असतात. वायर कापत जा आणि आतली जाळी काळी नसेल तिथवर पोचा. बाहेरचं आवरण १२ मिमी सोला, जाळी मागे दुमडा, आतलं पांढरं आवरण टोकाकडून ६ मिमी काढा. एफ-कनेक्टर (वायरीच्या टोकाचा पेचाचा जोड) बसवल्यावर मधली तार त्याच्या कडेबाहेर २ ते ३ मिमी यायला हवी. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागू देऊ नका, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. वरून रबराची सीलिंग टेप ताणून गुंडाळा. साधी इलेक्ट्रिकची टेप एप्रिल-मेच्या उन्हात सुटते. वायर कनेक्टरपाशी येण्याआधी खाली झोळ देऊन आणा, म्हणजे पाणी तिथून टपकेल.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटं चित्र जात असेल तर काही करू नका. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहामागे येतो.

केबल असेल तर घरातला स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा जोड) आधी बाजूला काढा. दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन-चार डेसिबल खातो. त्याच्याशिवाय चित्र सुधारलं तर केबलवाल्याकडून लाइनची पातळी वाढवून घ्या.

आवाज

घरघर जाहिरातीत थांबत असेल तर ती रेकॉर्डिंगमधली आहे. स्पीकर किंवा होम थिएटर जोडलेलं असताना ती सतत येत असेल तर केबलची वायर बॉक्समधून काढून बघा. घरघर बंद झाली तर केबलच्या लाइनची आणि घराची अर्थिंग जुळत नाही. केबलसाठी आयसोलेटर (दोन्ही अर्थिंग वेगळ्या ठेवणारा जोड) मिळतो, तो लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, त्यात जीव जाऊ शकतो.

संवाद एकाच स्पीकरमधून येत असतील तर टीव्हीच्या ॲक्सेसिबिलिटी मेनूत ‘मोनो’ असतो का बघा. मोनो करताच संवाद जवळजवळ नाहीसे झाले तर वाहिनीकडे एका बाजूचा आवाज उलटा जोडला गेलाय. मोनो बंद करा आणि तक्रार करा. खसखस जास्त असेल तर ट्रेबल दोन-तीन पायऱ्या उतरवा. ‘क्लिअर व्हॉइस’ने खसखस वाढतेच.

ओठ आणि आवाज जुळतायत का ते ‘प’, ‘ब’, ‘म’वर तपासा, तिथे ओठ मिटतातच. एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे गेला की माणसाला जाणवायला लागतं. बातम्यांतही चुकत असेल तर साउंडबारची किंवा टीव्हीची ‘ऑडिओ डिले’ जुळवा. फक्त त्या मालिकेतच चुकत असेल, तर आधी ती डब केलेली नाही ना याची खात्री करा. भाग सुरू होताना जुळलेलं आणि शेवटाकडे वाढत जाणारं अंतर म्हणजे फाइलच चुकलेली.

तक्रार

वाहिनीचा दोष असेल तर ‘चित्र नीट येत नाही’ एवढंच लिहून पाठवू नका. मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, मोबाइल आडवा, पूर्ण पडदा आणि लोगो चौकटीत. तारीख, अचूक वेळ, वाहिनीचा क्रमांक, केबल की डिश, आणि दोष एका ओळीत: ‘हालचाल पुढे-मागे धडपडते, लोगो स्थिर.’ केबल किंवा डिश कंपनीच्या ग्राहक सेवेकडून तक्रार क्रमांक घ्या आणि हेच वाहिनीलाही पाठवा. भाग पुन्हा लागणार असेल तर पुनःप्रक्षेपणाची वेळही कळवा, म्हणजे त्याआधी फाइल बदलायला त्यांना सवड मिळेल.