कॉम्प्युटर आणि घरची लाइट: या चुका टाळा

वळवाचा पाऊस सुरू झाला की माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जळालेल्या सीपीयूंची रांग लागते. प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." दुसरंही ठरलेलं: "आता स्टॅबिलायझर घेतो, म्हणजे झालं ना?" नाही झालं. फ्रीजला स्टॅबिलायझर ठीक आहे, कॉम्प्युटरसाठी त्यावर पैसे घालू नका.

घरात २३० व्होल्ट यायला हवेत. चांगल्या कंपनीचा आजचा एसएमपीएस (सीपीयूच्या डब्यातला पॉवर सप्लाय) बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, स्टिकरवर तसं छापलेलं असतं. त्यामुळे शेतीपंप सुरू झाले, व्होल्टेज १८० वर आलं, पंखा मरगळला, तरी असा एसएमपीएस निभावून नेतो. त्याला मारतं ते चढलेलं व्होल्टेज आणि लाइट परत येतानाचा झटका. लोक घाबरतात मात्र डिम लाइटला.

बोर्डात तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग आहे असं समजणं

अनवाणी असताना कॅबिनेटला, म्हणजे सीपीयूच्या डब्याला, हात लावला की झिणझिण्या येतात? एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून बॉडीवर थोडा करंट येतो, तो अर्थच्या तारेने जमिनीत जायला हवा. अर्थ नसेल तर बॉडीवर शंभरच्या वर व्होल्ट दिसतात. यावर लोकांचे उपाय ऐकण्यासारखे असतात: चप्पल घालून बसायचं, खाली रबरी मॅट टाकायची. एकाने तर थ्री-पिनची जाड पिनच कापली होती, कारण जुन्या बोर्डात ती बसत नव्हती!

टेस्टर पेटला म्हणजे फेज (करंट आणणारी तार) आहे, एवढंच कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही. मी मल्टिमीटर लावतो. फेज-न्यूट्रल (न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी तार) आणि फेज-अर्थ, दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा हवा. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले की वायरमनला बोलवायला सांगतो. आणि तो वायरमन बोर्डातच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून "झालं साहेब" म्हणाला, तर त्याला चहा न देता परत पाठवा. उद्या ती न्यूट्रल तुटली की कॅबिनेटवर थेट फेज येतो. हा जुगाड माणूस मारतो.

यूपीएस ओरडतो म्हणून यूपीएसच काढून टाकणं

एका क्लासवाल्या सरांचा किस्सा. बंगला, थ्री-फेज कनेक्शन. वर्षात दोन एसएमपीएस उडाले. दोन्ही वेळा सरांनी स्वस्तातला घेतला, स्टिकरवर ४५० वॅट आणि वजन रिकाम्या डब्याएवढं. मग यूपीएस, म्हणजे लाइट गेली की थोडा वेळ कॉम्प्युटर बॅटरीवर चालवणारा डबा, घेतला. तो सकाळी-सकाळी बॅटरीवर जाऊन बीप करायचा. घरात लाइट असताना हा ओरडतो, म्हणजे पीस खराब, असं ठरवून सरांनी प्लग पुन्हा थेट भिंतीत लावला. आठवड्यात एसएमपीएस गेला आणि सोबत मदरबोर्डही घेऊन गेला.

मी घरी जाऊन मीटर लावला: २४०. नजरेत भरण्यासारखं काही नाही. तेवढ्यात मॅडमनी वर गीझर लावला आणि आकडा चढत २८० वर गेला. गीझरसारखा लोड पडला की व्होल्टेज उतरतं. इथे ते चढत होतं, म्हणजे न्यूट्रल ढिली. थ्री-फेजमध्ये दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल धड नसेल तर वेगवेगळ्या फेजवरच्या खोल्या ते आपसात वाटून घेतात, आणि कमी लोडच्या खोलीला जास्त वाटा मिळतो. सरांच्या कॉम्प्युटरची खोली तीच. वायरमनने मेन स्विच उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू काळा पडलेला, तारेचं आवरण भाजून कडक झालेलं. टोक कापून, सोलून पुन्हा घट्ट बसवलं. एका एसएमपीएसपेक्षा कमी पैशात काम झालं. यूपीएस बिचारा खरंच सांगत होता.

एका खोलीत दिवा भगभगीत आणि दुसरीत मंद दिसला की मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. मेन स्विच स्वतः उघडायला जाऊ नका, व्हिडिओ कितीही पाहिले असले तरी.

बाकीच्या, थोडक्यात

यूपीएस म्हणजे इन्व्हर्टर नव्हे. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधून ३६० वॅटच्या आसपास मिळतात, तेही काही मिनिटंच. सेव्ह करा, बंद करा. गेमची लेव्हल पूर्ण करत बसणाऱ्यांची बॅटरी लवकर बसते, मग बोल कंपनीला. नीट वापरली तर ती दोन-तीन वर्षं जाते. मी महिन्यातून एकदा भिंतीवरचं बटण बंद करून तपासतो. प्लग उपसत नाही, अर्थ तुटायला नको म्हणून.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर हवा, नाहीतर लाइट जाताना तो रीस्टार्ट होणारच.

स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे स्पाइक गार्ड (व्होल्टेजचे झटके अडवणारा बोर्ड) नाही. खऱ्या स्पाइक गार्डमधला एमओव्ही, म्हणजे झटका शोषणारा भाग, तोही झटके खाऊन संपतो. त्याचा 'प्रोटेक्टेड' दिवा विझला की बोर्ड बदला.

फ्यूज उडाला म्हणून तिथे तांब्याची जाड तार गुंडाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, दुप्पट बिल लावतो.

लाइट आली की लगेच बटण दाबू नका, पाच मिनिटं जाऊ द्या. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाइट परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते 'ऑफ' ठेवा.

विजेचा कडकडाट यूपीएसला आवरत नाही. आभाळ भरून आलं की प्लग काढा आणि नेटची लॅन केबलही काढा. नेट फायबरचं असलं तरी बऱ्याच बिल्डिंगांत गच्चीवरच्या स्विचपासून घरात तांब्याचीच केबल येते, आणि मग पहिला जातो तो लॅन पोर्ट. मात्र हे पाऊस यायच्या आधी करायचं. विजा चमकायला लागल्यावर कुठल्याच तारेला हात लावू नका, कॉम्प्युटर गेला तर गेला.