टेक्सासमध्ये जवळ बाळगण्यासाठी पिस्तूल घेण्यापूर्वी

दुकानात पाऊल ठेवण्याआधी स्वतःचे कागद टेबलावर काढून ठेवावेत, कारण डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनोकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांचा विषय तिथेच संपतो. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस विकत घ्यायलाच नव्हे, तर नुसते जवळ ठेवायलाही फेडरल कायद्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांना या मनाईतून सूट मिळते, पण तेवढ्या आधारावर रोज कमरेला पिस्तूल लावायचा विचार असेल तर आधी वकिलाची फी भरावी, कारण शस्त्राचा गुन्हा सिद्ध झाल्यास खटल्याबरोबर देशातला मुक्कामही धोक्यात येतो. ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला ही आडकाठी नाही. त्यांनी दुकानात बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ स्वतःच्या हाताने, खरा भरावा आणि एफबीआयची तपासणी होईपर्यंत धीर धरावा. सिटिझन असलेल्या मित्राने 'मी घेतो आणि तुला देतो' असे प्रेमाने सुचवले तरी ते ऐकू नये. दुसऱ्यासाठी अशी खरेदी करणे हा २०२२ च्या कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कागद नीट असतील तर पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचे काम हाती घ्यावे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, त्यामुळे परवाना कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. माझे मत असे की तो काढावाच. शाळेपासून हजार फुटांच्या आतून पिस्तूल घेऊन जाण्यावर जे फेडरल बंधन आहे, त्यातून त्या राज्याच्या परवानाधारकाला सूट मिळते, आणि आपल्या वस्तीत शाळा टाळून किराणा आणायला जाणेसुद्धा अवघड असते. राज्याची फी चाळीस डॉलर आहे, वर्ग चार ते सहा तासांचा असतो आणि शेवटी तीन, सात व पंधरा यार्डांवरून एकूण पन्नास गोळ्या मारून २५० पैकी १७५ गुण मिळवावे लागतात. ही परीक्षा कठीण नाही, आणि ती उत्तीर्ण झाली म्हणजे नेमबाजी आली असे समजण्यासारखीही नाही. वर्गात नेम धरण्यापेक्षा फलक वाचायला नीट शिकावे. दारावरचा ३०.०६ क्रमांकाचा फलक परवानाधारकालाही लपवलेले पिस्तूल आत नेण्यास मनाई करतो, आणि लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेले असेल तर त्या जागेचे मुख्य उत्पन्न जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूचे आहे व पिस्तूल घेऊन तिथे जाता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

यानंतर पैशांचे गणित मांडावे. 'स्वस्त पिस्तूल' म्हणजे कमी किमतीचे पिस्तूल, असे समजून लोक फसतात. एकूण आठशे डॉलर खर्चायची तयारी असेल तर पिस्तुलावर चारशेच्या वर जाऊ नये, कारण उरलेले चारशे कुठे जाणार हे आधीच ठरलेले असते. बऱ्या होल्स्टरला, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानाला, सत्तर, कडक पट्ट्याला पंचेचाळीस, कुलपाच्या पोलादी पेटीला शंभर, सरावाच्या तीनशे काडतुसांना नव्वद, प्रत्यक्ष बाळगण्याच्या पन्नास काडतुसांना पंचेचाळीस आणि प्रशिक्षणाला पन्नास, हा अंदाज दुकानागणिक थोडा हलेल, पण यातली एकही बाब वगळता येणार नाही. सहाशे डॉलरचे पिस्तूल घेऊन ते दहा डॉलरच्या ढिल्या कापडी होल्स्टरमध्ये ठेवणारे गृहस्थ मी नेमबाजीच्या रेंजवर पाहिले आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये उभे राहणे मी टाळतो.

प्रत्यक्ष निवड दुकानाच्या काचेवर होत नाही, ती रेंजवर होते. ज्या रेंजवर पिस्तुले भाड्याने मिळतात तिथे एक सकाळ काढावी आणि एकाच बैठकीत तीन-चार नमुने मारून पाहावेत. नवखा माणूस सर्वांत लहान पिस्तुलाकडे ओढला जातो, कारण ते खिशात मावते, आणि घरी आल्यावर ते दुसऱ्यांदा बाहेर काढत नाही, कारण ते हाताला झोंबते. रुगर एलसीपी जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचे आहे. त्याची मूठ दोन बोटांत संपते, आणि .३८० चे काडतूस तुलनेने सौम्य असूनही पन्नास गोळ्यांनंतर अंगठ्याच्या बेचक्यात दुखू लागते. त्याउलट सिग पी३६५ हे २०१८ मध्ये आले तेव्हा जवळपास अर्ध्या किलोच्या देहात ९ मिमीच्या दहा गोळ्या बसवून त्याने या वर्गाचे मापच बदलले. ग्लॉक ४३एक्स आणि स्मिथ अँड वेसनचे शील्ड प्लस हे याच मापाच्या आगेमागचे आहेत. खिशाला परवडणारे म्हणून टॉरस जी३सीकडे पाहायला हरकत नाही, ते बहुधा तीनशेच्या आत मिळते, फक्त पुढे सांगितलेली कसोटी त्याच्या बाबतीत जराही सैल करू नये. काडतूस ९ मिमीच घ्यावे, कारण बाळगण्याजोग्या मापांत सरावाचे काडतूस त्यातच सर्वांत स्वस्त पडते आणि परवडणारा सराव हाच या सगळ्या खटाटोपाचा कणा आहे.

हातात घेतल्यावर पाहायच्या गोष्टी थोड्या असतात, पण त्या घाईत सुटतात. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची डबी, काढावे, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने तपासावे, आणि दुकानदाराने नुकतेच तपासले असले तरी पुन्हा तपासावे. तो रागावत नाही, उलट बरे मानतो. मग मूठ पकडून करंगळी कुठे येते ते पाहावे. ती हवेत लोंबत असेल तर पहिल्या गोळीनंतर पकड सुटून दर वेळी नव्याने धरावे लागेल. चापावर बोटाचे पहिले पेर सहज पोचले पाहिजे आणि चाप ओढताना नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी जागची हलता कामा नये. स्लाइड ओढताना जोर कमी पडत असेल, आणि संधिवात असलेल्यांना तो पडतोच, तर केवळ तेवढ्यासाठी सोपी केलेली शील्ड ईझेड ही मालिका पाहावी. अशा वेळी दुकानात अनेकदा, विशेषतः बायकांना, पाच गोळ्यांचे हलके रिव्हॉल्व्हर 'सोपे' म्हणून पुढे केले जाते. ते समजायला सोपे आहे हे खरे, पण त्याचा चाप जड असतो, धक्का दांडगा असतो आणि नेम साधायला पिस्तुलापेक्षा जास्त सराव लागतो.

आता भरवशाविषयी, ज्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. भरवसा मॉडेलचा नसतो, तुमच्या हातातल्या त्या एका नगाचा, त्याच्या त्या मॅगझिनांचा आणि तुम्ही भरणार असलेल्या त्याच काडतुसांचा असतो. नामांकित कंपनीलाही चूक होते. रुगरने २००८ मध्ये, बाजारात येऊन वर्षही झाले नव्हते तोच, सुरुवातीची एलसीपी पिस्तुले पडल्यास गोळी सुटण्याचा संभव आहे म्हणून परत मागवली होती. त्यामुळे नवे असो वा वापरलेले, आपल्या नगाचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून तो परत मागवलेल्यांत नाही ना हे पाहावे. नंतर त्याचे भाग सुटे करून पुसावेत, आत कारखान्यातले दाट ग्रीस असल्यास काढावे, बारीक तेलाचे चार थेंब सोडावेत आणि सरावाची किमान दोनशे काडतुसे त्यातून काढावीत. प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला मार्करने आकडा लिहावा आणि वहीत नोंद ठेवावी: कितव्या गोळीला अडले, कोणत्या मॅगझिनवर, रिकामे टरफल कसे अडकले, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबली की नाही. माझ्या पहिल्या पिस्तुलात सत्तराव्या गोळीच्या सुमारास टरफल स्लाइडमध्ये उभे अडकू लागले आणि मी ते सदोष म्हणून परत करायला निघालो होतो. रेंजवरच्या प्रशिक्षकाने तेच पिस्तूल घेऊन दोन मॅगझिने सलग मारून दाखवली. दोष माझ्या मनगटात होता. थकल्यावर ते सैल पडत होते आणि लहान पिस्तुलाच्या स्लाइडला मागे जायला जो टेकू लागतो तो मिळत नव्हता. पण मनगट ताठ असूनही त्याच मॅगझिनवर वारंवार अडत असेल तर मॅगझिन बदलावे, आणि सगळ्याच मॅगझिनांवर अडत असेल तर संकोच न करता नग कंपनीकडे पाठवावा.

सरावाची काडतुसे सुरळीत गेली म्हणून बाळगायची जातील असे नाही, कारण पोकळ टोकाच्या गोळीचे तोंड बोथट असते आणि ती नळीत चढताना अडखळू शकते. म्हणून बाळगायच्या काडतुसांपैकी निदान पन्नास त्याच पिस्तुलातून मारून पाहावीत, एवढे पैसे जाताना जीव तुटतो तरीही. पोकळ टोकाची गोळी घेण्याचे कारण इथल्या घरांत शोधावे. खोल्यांमधल्या भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या असतात, साधी धातूने मढवलेली गोळी त्या सहज पार करते, आणि पलीकडे बहुधा मुलांची खोली असते. पोकळ टोकाची गोळीही भिंतीला थांबतेच असे नाही, त्यामुळे घरात कोण कुठे झोपते याचा विचार काडतुसापेक्षा आधी करावा.

होल्स्टरचे काम पिस्तूल लपवणे हे दुय्यम आहे. चापाचा भाग कडक आवरणाने पूर्ण झाकणे हे मुख्य आहे. कायडेक्सचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, त्याच मॉडेलच्या मापाने बनवलेले होल्स्टर घ्यावे, पिस्तूल रिकामे करून घरात आठवडाभर ते लावून वावरावे, आणि गाडीत बसून, वाकून, जिने चढून पाहावे. आपल्या बाबतीत आणखी एक परीक्षा आहे: मांडी घालून बसून पाहावे. पोटापुढे लावलेले पिस्तूल सत्यनारायणाच्या पूजेत पहिल्या अध्यायालाच बरगडीत रुतते, आणि ज्या घरी चार मुले मांडीवर येऊन बसणार आहेत तिथे ते नेण्याचे काही कारणही नसते. त्या दिवशी ते घरी कुलपात राहू द्यावे. पर्समध्ये किंवा किल्ल्यांबरोबर खिशात नुसते पिस्तूल कधीच टाकू नये. टेक्सासच्या उन्हाळ्यात घामाने दोन दिवसांत गंजाचे ठिपके धरतात, तेव्हा रात्री ते पुसण्याची सवय लावून घ्यावी.

कुलपाची पेटी पिस्तुलाच्या आधी घरात आली पाहिजे. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणे टेक्सासच्या कायद्यात गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी पेटी लागलीच असती. पेटीचा आकडा एकट्या मालकाला ठाऊक असावा. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आणि अजून बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेली पत्नी यांच्यासाठी तर हे कायद्यानेही हिताचे आहे, कारण पेटी त्यांनाही उघडता येत असेल तर ते पिस्तूल त्यांच्याही ताब्यात आहे असा दावा होऊ शकतो. बाबांना हौसेने रेंजवर नेऊन दोन गोळ्या मारू देणे याच कारणाने टाळावे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, तेव्हा घरात कोणी खचलेले असेल, नोकरी गेल्याने वा आजाराने गप्प झाले असेल, तर तेवढा काळ पिस्तूल घराबाहेर ठेवण्याची सोय आधीच पाहून ठेवावी, आणि खरेदी व्हायची असेल तर ती पुढे ढकलावी.

रेंजसाठी एक स्वतंत्र बॅग घ्यावी आणि ती दुसऱ्या कशासाठीही वापरू नये. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण भारतात परवान्याशिवाय एक काडतूस सापडणे हेही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली प्रकरण होते, आणि विमानतळावर 'चुकून राहिले' हे उत्तर पोलीस ठाण्यात बसून द्यावे लागते. मुंबईला निघण्याच्या आदल्या रात्री मी लॅपटॉपची बॅग उलटी करून झटकली, तेव्हा चार्जरची वायर, जुन्या पार्किंगच्या पावत्या आणि फाटलेल्या अस्तराखालून बोटाच्या पेराएवढे एक पितळी काडतूस फरशीवर पडले होते.