महिला प्रोग्रामरसाठी संध्याकाळचे मीटअप कसे भरवावे

पुण्यात महिला प्रोग्रामरसाठी संध्याकाळचे तांत्रिक मीटअप भरवायचे असेल, तर विषय, वक्त्या आणि जागा यांच्याआधी कार्यक्रम संपण्याची वेळ ठरवावी. साडेसहाला सुरू होऊन साडेआठला संपेल असे जाहीर केले असेल, तर ते साडेआठलाच संपले पाहिजे. कारण येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींनी घरी, पीजीवर किंवा पाळणाघरात त्याच हिशेबाने सांगून ठेवलेले असते, आणि एकदा नऊ वाजले की त्यांतल्या काही जणी पुढच्या खेपेस फिरकत नाहीत. बाकीची सारी आखणी या वेळेपासून मागे मोजत करावी.

जागा निवडताना कंपनीच्या चकचकीत सभागृहाला भुलू नये. संध्याकाळी सहाला खराडी किंवा मगरपट्ट्याहून हिंजवडी गाठायची, म्हणजे पहिले टॉक वाकडच्या कोंडीतच संपणार. त्यापेक्षा वनाझ ते रामवाडी या मेट्रोमार्गालगतची जागा शोधावी. पिंपरी-चिंचवड किंवा स्वारगेटकडून येणाऱ्यांना जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून तिथे पोहोचता येते. स्थानकापासून जागेपर्यंतचा रस्ता आयोजकांनी एकदा रात्री साडेआठनंतर स्वतः चालून पाहावा: दिवे लागतात का, दुकाने उघडी असतात का, रिक्षावाला थांबतो का. नकाशावरची सात मिनिटे रात्रीची असतातच असे नाही.

जागा एखाद्या कंपनीने दिली असेल, तर नोंदणी केलेल्यांची यादी आदल्या दुपारीच तिथल्या सुरक्षा कक्षाकडे द्यावी आणि ओळखपत्र आणण्याची सूचना सर्वांना पाठवावी. फाटकावर प्रत्येक लॅपटॉपचा सिरियल नंबर वहीत उतरवून घेत असतील, तर चाळीस जणींच्या रांगेतच अर्धा तास जातो. म्हणून वक्त्यांखेरीज इतरांनी लॅपटॉप आणू नये, असे सरळ कळवावे. कंपनीने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर विसंबून कोणताही डेमो ठेवू नये.

वक्त्या मिळत नाहीत ही तक्रार नेहमीची आहे, पण बहुधा त्या मिळत नाहीत कारण त्यांना नीट विचारलेले नसते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अमेरिकेतील पायकॉन परिषदेत २०११ साली वक्त्यांमध्ये स्त्रिया अवघ्या १ टक्का होत्या आणि २०१६ साली त्या ४० टक्के झाल्या. स्त्रियांना एकेकीला गाठून प्रस्ताव पाठवायला सांगण्याचा त्यात मोठा वाटा होता. सर्वांना उद्देशून ‘कोणी बोलणार का?’ असे ग्रुपवर टाकले की शांतता पसरते, आणि ‘तुम्ही काहीतरी बोला ना’ म्हटले की ‘मी कुठली एवढी एक्स्पर्ट!’ हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी, ‘तुमच्या टीमचा महिनाअखेरचा रिपोर्ट इतका हळू का चालत होता आणि तुम्ही तो कसा सुधारलात, एवढेच दहा मिनिटांत सांगाल का?’ असे विचारावे. या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे सोपे असते, कारण उत्तर त्यांच्या हातात आधीपासून असते.

दहा मिनिटांच्या टॉकला एकच प्रश्न पुरतो. उदाहरणार्थ, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ईमेलच्या कॉलमवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) असूनही क्वेरी, म्हणजे माहिती मागणारी आज्ञा, सगळे टेबल का वाचत बसते? तुलना करताना ईमेल सगळी अक्षरे लहान करणाऱ्या ‘लोअर’ फंक्शनमधून गेलेला असेल, तर कॉलमवरचा साधा इंडेक्स त्या तुलनेला उपयोगी पडत नाही. त्याच फंक्शनवर आधारलेला इंडेक्स करावा लागतो. पडद्यावर एक क्वेरी, तिचा आधीचा ‘एक्स्प्लेन’ (डेटाबेस ती कशी चालवणार याचा आराखडा) आणि नंतरचा ‘एक्स्प्लेन’ दाखवला की टॉक पूर्ण झाले. उदाहरण ऑफिसातले असेल, तर मॅनेजरची परवानगी घ्यावी आणि डेटा बनावट वापरावा. मराठीत बोलणे कोणाला सोपे जात असेल, तर तसेच बोलावे, फक्त जाहिरातीत ते नमूद करावे. ‘घर आणि करिअरचा तोल’ या विषयावर चर्चासत्र ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. त्या चर्चेला इतर व्यासपीठे भरपूर आहेत, आणि इथे आलेल्या बाईला इंडेक्सबद्दल ऐकायचे असते.

दोन तासांत पंचवीस मिनिटांचे एक आणि दहा मिनिटांची दोन टॉक बसतात. चहापाणी शेवटी न ठेवता मधे ठेवावे, म्हणजे लवकर निघणाऱ्यांच्याही ओळखी होतात. खरे तर पुष्कळ जणी त्या अर्ध्या तासासाठीच आलेल्या असतात. खायला इडली किंवा ढोकळा बरा, आणि दिवस गुरुवारचा किंवा चतुर्थीचा असेल तर थोडी साबुदाण्याची खिचडीही सांगावी.

आदल्या दिवशी प्रत्येक वक्तीबरोबर व्हिडिओ कॉलवर एक रंगीत तालीम करावी. टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा, फॉन्ट शेवटच्या रांगेतून वाचता आला पाहिजे, काळ्या पडद्यावरची फिकट अक्षरे जुन्या प्रोजेक्टरवर दिसत नाहीत हे सांगून ठेवावे, आणि एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) किंवा ऑफिसच्या चॅटचे नोटिफिकेशन पडद्यावर येणार नाही याची खात्री करावी. टाइप-सीचे एचडीएमआय अडॅप्टर आयोजकांच्या पिशवीत असावेच.

पुरुषांना प्रवेश आहे की नाही, फोटो काढले जातील का आणि नको असल्यास कोणत्या रंगाची फीत घ्यायची, गैरवर्तनाची तक्रार कोणाकडे करायची, हे नोंदणीच्या वेळीच लिहून द्यावे. प्रश्नोत्तरांत सूत्रसंचालिकेने खमके असावे: प्रश्नाऐवजी स्वतःचे भाषण सुरू झाले, की ‘हे आपण चहाच्या वेळी बोलू’ म्हणून पुढचा हात पाहावा.

पुढच्या मीटअपची तारीख शेवटच्या टॉकनंतर तिथेच जाहीर करावी, आणि ज्या दोघी-तिघींनी नेमके प्रश्न विचारले, त्यांना दुसऱ्या दिवशी संदेश पाठवून त्या प्रश्नावरच पुढच्या वेळी दहा मिनिटे मागावीत.