एका मिडफिल्डरची वही

प्रीमियर लीगच्या पलीकडे काही न बघणारे मित्र विचारतात, खालच्या लीगमध्ये बघण्यासारखं काय असतं? मी त्यांना सांगतो, एक मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) निवडा आणि त्याच्या नावाची वही करा. चार मोसम टिकवलीत की इंग्लंडमधला फुटबॉल कसा चालतो हे दुसऱ्या कुठल्याही मार्गापेक्षा जास्त कळेल. ती वही कशी ठेवायची, ते इथे लिहितोय.

२००८ साली मी नोकरीसाठी रॉचडेलला आलो. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एकाने स्पॉटलंडला, म्हणजे रॉचडेल क्लबच्या मैदानावर, नेलं आणि सँडी लेन एंड या स्टँडमध्ये उभं केलं. तिथे आजही उभं राहूनच सामना बघतात. रॉचडेल १९७४ पासून सलग ३६ वर्षं लीगच्या सगळ्यात खालच्या, म्हणजे चौथ्या, पायरीवर होता. त्या संघाच्या मध्यभागी धावणारा कर्णधार होता गॅरी जोन्स. तो काय करतोय हे मला पहिले पाच-सहा सामने कळलंच नाही, कारण मी चेंडूकडे बघत होतो.

निवड करताना गोल करणारा घेऊ नका. त्याची बातमी येते, त्याला वहीची गरज नाही. बचावपटूही चालेल, पण संघ बदलला, प्रशिक्षक बदलला की सगळ्यात आधी धक्का बसतो तो मधल्या फळीला. म्हणून मिडफिल्डरच. तेवीस-चोवीस वर्षांचा, लीग टूमधला (म्हणजे चौथ्या पायरीवरचा), साधारण चाळीसेक सामने खेळलेला असेल तर उत्तम. त्याच्या पुढे काय होणार हे त्यालाही ठाऊक नसतं.

वहीत एका मोसमाला एक पान द्या. वरच्या बाजूला मोसम, क्लब आणि पायरी. इथेच नवखा माणूस फसतो. १९९२ पूर्वीचं फर्स्ट डिव्हिजन म्हणजे इंग्लंडमधली सर्वोच्च पायरी. १९९२ ते २००४ या काळात तेच नाव दुसऱ्या पायरीला होतं. २००४ नंतर दुसरी पायरी चॅम्पियनशिप झाली आणि लीग वन म्हणजे तिसरी. जोन्स २००१ मध्ये रॉचडेलहून बार्न्सलीला गेला तेव्हा बार्न्सली फर्स्ट डिव्हिजनमध्ये होता. आजच्या कानांना ते फार मोठं वाटतं, प्रत्यक्षात दुसरी पायरी. तरीही सगळ्यात खालच्या पायरीवरून दोन पायऱ्यांची ती उडीच होती. म्हणून नाव लिहूच नका, आकडा लिहा: २, ३, ४, ५. पाचवी म्हणजे नॅशनल लीग. आकडे एकाखाली एक आले की कारकिर्दीचा चढउतार न वाचताही दिसतो.

मग सामने. यादीत ३१+९ किंवा ३१ (९) असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांचा, दुसरा बदली म्हणून उतरलेल्यांचा. नुसता बाकावर बसून राहिला तर तो सामना कुठेच मोजला जात नाही. लीगमध्ये बदली खेळाडू आले १९६५ मध्ये, आणि पहिला बदली होता चार्लटनचा कीथ पीकॉक. तोही मिडफिल्डरच, आणि त्या दिवशी जखमी गोलरक्षकाच्या जागी उतरला. अधिकच्या चिन्हानंतरचा आकडा मी लाल पेनने लिहितो. तो तीनावरून नऊवर, नऊवरून सतरावर गेला की समजावं, क्लब त्याच्या जागी कुणीतरी शोधतोय. ही गोष्ट कुणी जाहीर करत नाही. आकडा मात्र लपत नाही.

सामन्यांची तुलना नेहमी ४६ शी करा, कारण प्रीमियर लीगखालच्या तिन्ही ईएफएल (इंग्लिश फुटबॉल लीग) पायऱ्यांवर २४ संघ आणि ४६ सामने असतात. अपवाद लक्षात ठेवा. २०१९–२० मध्ये साथीमुळे लीग वन आणि लीग टू मध्येच थांबवल्या आणि क्रमवारी प्रतिसामना गुणांवर ठरवली. त्या वर्षीचे ३५ सामने म्हणजे जवळजवळ सगळे. मार्च १९९२ मध्ये ऑल्डरशॉट क्लब बुडाला आणि त्या मोसमातले त्याचे सगळे निकाल पुसले गेले. त्या संघातल्या खेळाडूने चिखलात, पावसात खेळलेले ते सामने काही याद्यांमध्ये दिसतात, काहींमध्ये दिसत नाहीत. तुमच्या वहीत ते लिहा. तो खेळला होता.

आता मधल्या खिंडारांकडे. नोव्हेंबरात सलग खेळत असलेला मुलगा डिसेंबरात एका सामन्यातून अचानक गायब दिसला की लोक म्हणतात दुखापत, किंवा प्रशिक्षकाची मर्जी गेली. आधी पिवळी कार्डं मोजा. लीगच्या पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी झाली की एका सामन्याची बंदी. सदतिसाव्या सामन्यापर्यंत दहा झाली की दोन सामन्यांची. प्रतिस्पर्ध्याचा धावता हल्ला मध्येच तोडणं हे मिडफिल्डरचं काम आहे, त्यामुळे ही बंदी त्याच्याच वाट्याला जास्त येते. संघासाठी घेतलेलं कार्ड आणि डोकं फिरून घेतलेलं कार्ड यांतला फरक यादीत नसतो. मी मैदानात असलो तर कार्डाशेजारी एक शब्द लिहितो: ‘गरज’ किंवा ‘राग’. माझ्या आठ नंबरच्या (मी वहीसाठी निवडलेल्या, आठ नंबरची जर्सी घालणाऱ्या मिडफिल्डरच्या) पाच वर्षांच्या पानांवर ‘राग’ फक्त चार वेळा आहे. याचा मला अभिमान वाटतो, जणू मीच त्याला वाढवलं.

(त्याचं नाव इथे देत नाही. तो अजून खेळतोय, आणि वहीत त्याच्याबद्दल अशा गोष्टी आहेत ज्या त्याने मला सांगितलेल्या नाहीत, मी नुसत्या पाहिल्या आहेत.)

कार्डांनी खिंडार भरलं नाही तर प्रशिक्षकाचा रकाना बघा. वहीतला सगळ्यात उपयोगी रकाना हाच, आणि तो कुठल्याही तयार यादीत मिळत नाही. प्रशिक्षक कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला गेला, एवढंच लिहायचं. नवा माणूस येतो, त्याला मध्यभागी उंच, चेंडू डोक्याने परतवणारा खेळाडू हवा असतो, आणि छोटे पास देणारा तुमचा मुलगा दोन आठवड्यांत बाकावर जातो. त्याचा खेळ तसूभरही बिघडलेला नसतो. वर्षभरानंतर तिसरा प्रशिक्षक येतो आणि तोच मुलगा पुन्हा ४० सामने खेळतो. तारखा शेजारी नसतील तर तुम्ही त्याच्यावर अन्याय कराल.

लोन, म्हणजे करार न मोडता तात्पुरतं दुसऱ्या क्लबाकडून खेळणं, तेही वयाशी जोडूनच वाचा. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या क्लबातून लीग टूमध्ये लोनवर येणारा मुलगा शिकायला आलेला असतो. अठ्ठावीसचा जानेवारीत एक पायरी खाली लोनवर गेला, तर त्याच्या क्लबाने त्याचं कपाट रिकामं करायला घेतलंय. शब्द तोच, अर्थ दोन.

सोळा ते अठराच्या वयातली स्कॉलरशिपची, म्हणजे क्लबाच्या युवा संघातल्या शिकाऊपणाची, वर्षं एका ओळीत उरका. पण अठराव्या वर्षी पहिल्या क्लबाने त्याला ठेवलं की सोडलं हे जरूर लिहा. सोडलेला मुलगा पुढे मधल्या फळीत उभा दिसला, तर तो कुणीतरी दिलेल्या दुसऱ्या संधीवर उभा असतो.

कागदावरचं इतकं झालं की मैदानात जा. मंगळवारी रात्रीचा सामना निवडा, गर्दी कमी असते, आवाज ऐकू येतात. नव्वद मिनिटं एकाच माणसाकडे बघणं जमत नाही. मी दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे घेतो: सुरुवातीचा, मध्यंतरानंतरचा आणि सत्तराव्या मिनिटापासूनचा. त्यात तीनच गोष्टी मोजतो.

पहिली, मान. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो? एका फेब्रुवारीत वारा आडवा होता, रेलिंग बर्फासारखं गार होतं, आणि माझा आठ नंबर माझ्यापासून पंधरा पावलांवर होता. बचावपटूने चेंडूला पाय लावायच्या आत त्याने डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. चेंडू आला तेव्हा त्याने तो थांबवलाच नाही. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने नुसता वळवला आणि मागून धावत आलेला खेळाडू त्याच्या जागेवरून तसाच पुढे निघून गेला. टाळ्या वाजल्या नाहीत. माझ्या शेजारी नेहमी उभे राहणारे एक आजोबा आहेत, पन्नासेक वर्षं येतायत. ते फक्त ‘हं’ म्हणाले. तो ‘हं’ मी वहीत लिहून ठेवलाय.

दुसरी गोष्ट, दुसरा चेंडू. खालच्या लीगमध्ये गोलरक्षकाची लांब किक, मग दोघांची हवेतली झुंज, आणि मग तो चेंडू कुठेतरी पडतो. तिथे आधी कोण पोहोचतं? जो पोहोचतो तो जास्त वेगवान असतोच असं नाही. तो आधी निघालेला असतो. तिसरी, चेंडू गमावल्यानंतरची पहिली तीन पावलं. सत्तराव्या मिनिटानंतरही ती पावलं परतीच्या दिशेने पडत असतील, तर मुलगा पस्तिशीपर्यंत खेळेल असं मी धरून चालतो. जोन्सची ती पावलं कधी थांबली नाहीत. रॉचडेलसाठी सर्वाधिक लीग सामने खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. २०१० मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघ अखेर वर चढला, २०१२ मध्ये पुन्हा खाली आला, आणि तो ब्रॅडफर्डला गेला. तिथे वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, चौथ्या पायरीवरच्या संघाचा कर्णधार म्हणून, विगन, आर्सेनल आणि अॅस्टन व्हिला यांना हरवून त्याने लीग कपची अंतिम फेरी गाठली. फेब्रुवारी २०१३ मध्ये वेम्बलीवर स्वान्सीने त्यांना ५–० ने हरवलं. मे महिन्यात ते पुन्हा वेम्बलीवर गेले, नॉर्थम्प्टनला ३–० ने हरवलं आणि लीग वनमध्ये चढले. त्या मोसमात ब्रॅडफर्ड साठहून अधिक सामने खेळला.

वहीचं सगळ्यात अवघड पान मे महिन्याचं. बहुतेक करार ३० जूनला संपतात आणि मोसम संपताच क्लब यादी लावतो: कुणाला ठेवलं, कुणाला नवा करार देऊ केला, कुणाला सोडलं. शब्द जसाच्या तसा उतरवा. चोवीसच्या आतल्या मुलाला क्लबाने करार देऊ केला असेल, तर तो दुसरीकडे गेला तरी जुन्या क्लबाला भरपाई मिळू शकते. चोवीस ओलांडलेला मुलगा करार संपला की मोकळा. माझ्या आठ नंबरने मोसमाच्या शेवटच्या शनिवारी मुलीला कडेवर घेऊन मैदानाला फेरी मारली, आमच्या स्टँडसमोर थांबून टाळ्या वाजवल्या. थोड्याच दिवसांत सोडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. क्लबाने त्याच्यासाठी दोन वाक्यं लिहिली होती. दोनशेच्या आसपास सामन्यांना दोन वाक्यं. मला आजही ते पटलेलं नाही.

यादीनंतर वही मिटू नका. जुलैत सरावाचे सामने सुरू होतात आणि संघाच्या यादीत नावाऐवजी ‘ट्रायलिस्ट’ असं छापलेलं असतं. तो करार मागायला आलेला माणूस. तुम्ही वही ठेवली असेल तर चेहरा न बघता, मान फिरवण्यावरून ओळखाल. मी ओळखलं.

आणि कधीकधी ऑगस्टमध्ये क्लबच उरत नाही. बरी एफसी २०१९ च्या वसंतात लीग वनमध्ये चढला आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला लीगमधून काढला गेला. त्या संघातल्या खेळाडूंच्या पानावर बढती आणि बेकारी एकाच वर्षात येतात. असं पान लिहावं लागलं तर तारखा नीट लिहा. नुसतं ‘क्लब बदलला’ असं लिहिणं खोटं ठरेल.

पाचव्या-सहाव्या पायरीवर गेलेल्या खेळाडूची पानंही तेवढ्याच मनाने भरा. सहाव्या पायरीवर बरेच क्लब अर्धवेळ असतात. संध्याकाळी सराव, दिवसा नोकरी. तिथे सामन्यांच्या शेजारी तो दिवसा काय करतो हेही लिहावं, समजलं तर. आणि ‘संपला’ हा शब्द घाईने वापरू नका. नील रेडफर्न बोल्टनला सुरुवात करून लिंकन, डॉनकास्टर असं फिरत राहिला, आणि १९९७ मध्ये बार्न्सलीचा प्रीमियर लीगमधला पहिला गोल त्याने केला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. ग्रॅहम अलेक्झांडरने प्रेस्टनसाठीच्या शेवटच्या सामन्यात, एप्रिल २०१२ मध्ये, भरपाईच्या वेळेत फ्री किकवर गोल केला. वय चाळीस.

माझा आठ नंबर आता सहाव्या पायरीवर आहे, घरापासून बसने पाऊण तास. गेल्या शनिवारी गेलो होतो. सुरुवातीपासून खेळला, एक पिवळं कार्ड, शेजारी लिहिलं: गरज.